वाटाण्याचें रोप

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत आमच्यावर एक विलक्षण कामगिरी येऊन पडली. ज्या महाविद्यालयांत इंग्रजी काव्य शिकवितां शिकवितां आमचे केस पांढरे झाले, त्याच्या चालकांनीं प्रवेशाच्या हंगामासाठीं एक जाहिरातीचा चित्रपट करवून घ्यावयाचें ठरविलें, आणि त्याची मराठी संहिता लिहिण्याचें काम आमच्या गळ्यांत घातलें. महाविद्यालयानें जाहिरात करावी कीं करूं नये, हा प्रश्न आतां कोणी विचारीत नाहीं. आमच्या विद्यार्थिदशेंत महाविद्यालयाची जाहिरात म्हणजे दाराशीं फळ्यावर डकविलेली निकालाची यादी. ती ज्यास वाचतां येई त्यास दुसऱ्या कशाची गरज नसे. आज गल्लोगल्लीं विद्येचीं दुकानें झालीं आहेत, आणि दुकान म्हटलें कीं पाटी आलीच. ही पाटी आतां लांकडाची नसून हालती, बोलती व रंगीत असते, आणि ती रस्त्यावर न टांगतां लोकांच्या खिशांतल्या फोनमध्यें टांगावी लागते, एवढाच काय तो फरक.

"चित्रपट ॲनिमेशनचा असावा," असें प्राचार्यांनीं पहिल्याच बैठकींत सांगून टाकलें. कारण उघड होतें. आमच्या इमारतीचें छायाचित्र घेतलें तर तिचें वय लपत नाहीं, आणि आम्हां अध्यापकांचें घेतलें तर आमचेंही लपत नाहीं.

हें काम ज्या मंडळीकडे सोंपविलें होतें तिच्या वतीनें आलेला तरुण योगायोगानें आमचाच एक जुना विद्यार्थी निघाला. वर्गांत असतांना तो शेवटच्या बांकावर बसून वहीच्या कोपऱ्यांत आमचीं चित्रें काढी, आणि वहीचीं पानें भराभर उलटलीं म्हणजे त्या चित्रांतले आम्ही हात उंचावून नाचूं लागत असूं. आम्हीं ती वही जप्त केली होती. आतां त्याच विद्येवर त्याचें पोट चाललें आहे, आणि तें आमच्याहून बरें चाललें आहे, हें पाहून कौतुकही वाटलें आणि थोडी शरमही. "सर, ती वही अजून आहे का हो तुमच्याकडे?" हा त्याचा पहिला प्रश्न. ती नव्हती.

त्यानें आपला संगणक उघडला, आणि कापडाच्या दुकानांतला गुमास्ता ठाणामागून ठाण उलगडून गिऱ्हाइकापुढें टाकतो तसे ॲनिमेशनचे निरनिराळे प्रकार आमच्यापुढें टाकले. हातानें काढलेलें, कातरलेल्या कागदांचें, मातीच्या बाहुल्यांचें, नुसत्या आकृत्या व अक्षरें नाचविणारें, पांढऱ्या फळ्यावर एक हात चित्र काढीत जातो असें दाखविणारें, आणि शेवटीं संगणकांत घडविलेलें त्रिमितीचें. प्रत्येकाचा दर निराळा, आणि, तो म्हणाला, प्रत्येकाचें गिऱ्हाईकही निराळें. बँका व विमा कंपन्या यांस आकृत्यांचा नाच चालतो, कारण त्यांचा माल डोळ्यांस दिसत नाहीं. खाण्याच्या जिनसांस माती व बाहुल्या शोभतात, कारण त्या बोटांनीं दाबून पाहाव्याशा वाटतात. औषधांस व यंत्रांस त्रिमिति लागते, कारण शरीराच्या किंवा यंत्राच्या आंत कॅमेरा सहसा शिरत नाहीं. आणि घरें विकणारांस तर त्रिमितीवांचून गत्यंतरच नाहीं, कारण घर विकावयाचें असतें तेव्हां तें पुष्कळदां बांधलेलेंच नसतें. हें शेवटचें वाक्य तो सहज बोलून गेला. आम्हींही तें सहजच ऐकलें.

ॲनिमेशन ह्या शब्दाच्या मुळाशीं लॅटिन भाषेंतला प्राणवाचक शब्द आहे. मराठींत ह्यास सचेतनीकरण म्हणावें असें कोणी सुचवितात. पण आम्हांस विचाराल तर आपल्याकडे ह्या कल्पनेस पूर्वापार चालत आलेला शब्द आहे, आणि तो म्हणजे प्राणप्रतिष्ठा. फरक इतकाच कीं, मूर्तींत प्राण एकदांच घालावा लागतो आणि चित्रांत तो सेकंदास २४ वेळां. हातानें काढणारे चित्रकार पुष्कळदां एकच चित्र दोन वेळां टिपून सेकंदास १२ चित्रांवर भागवितात; तरीही एका मिनिटास ७२० चित्रें झालींच. एमिल कोल नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १९०८ सालीं सुमारें ७०० चित्रें काढून जो चित्रपट केला तो संपावयास दोन मिनिटेंही लागत नाहींत. इतका खटाटोप निव्वळ मौजेखातर फार दिवस कोणी करीत नाहीं. तेव्हां ही कला जन्मास आली ती थोड्याच काळांत व्यापाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसली, ह्यांत नवल तें काय? राजाश्रय सुटल्यावर कवींस कोणकोणत्या ओसऱ्या धुंडाळाव्या लागल्या हें आम्ही दरवर्षीं वर्गांत सांगतच असतों.

विलायतेंत आर्थर मेल्बोर्न-कूपर यानें आगकाड्यांच्या एका कंपनीसाठीं केलेली फीत आजही पाहावयास मिळते. तींत काड्यांचीं हातपाय असलेलीं माणसें होतात आणि काळ्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत लिहितात कीं, एक गिनी पाठवा, म्हणजे एका पलटणीस पुरतील इतक्या आगपेट्या सैनिकांस धाडूं. हे सैनिक बोअर युद्धांतले, म्हणजे १८९९ सालचे, कीं पहिल्या महायुद्धांतले, म्हणजे १९१४ सालचे, यावर पंडितांत वाद आहे. पंडितांस तो खुशाल लढूं द्यावा. आम्हांस गोडी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्या दादासाहेब फाळक्यांनींही १९१५ सालीं ‘आगकाड्यांची मौज’ नांवाची एक छोटी फीत केली होती. युद्धामुळें साहित्याची टंचाई. नट, पोशाख, देखावे यांचा खर्च झेपेना. मग घरोघरीं असणाऱ्या काड्यांकडूनच त्यांनीं काम करवून घेतलें. ती फीत आज उपलब्ध नाहीं. दादासाहेब मूळचे त्र्यंबकेश्वरचे, शास्त्र्याच्या घरांतले. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र त्यांच्या कानांवरून लहानपणींच गेले असतील.

भिंतीवर लिहिणाऱ्या त्या काडीचा आजचा वंशज म्हणजे पांढऱ्या फळ्यावरचा हात. हा प्रकार सर्वांत स्वस्त, म्हणून शाळा, शिकवण्या व सरकारी योजना यांचा तो लाडका. आम्हीं कौतुकानें विचारलें, "हा हात कोणाचा रे?"

"कोणाचाच नाहीं, सर. एका हाताचा फोटो आहे. तोच सगळीकडे वापरतात. चित्र आधींच तयार असतं, हात नुसता त्याच्यावरून फिरवायचा."

फळ्यावर खडूनें लिहिण्यांत आमचा जन्म गेला. लिहितां लिहितां आम्ही अडखळतों, चुकतों, बोटानें पुसतों, आणि पुष्कळदां त्या पुसण्याच्या वेळांतच पुढचा विचार सुचतो. त्या फोटोंतल्या हाताचें कधींच चुकत नाहीं. त्याच्याविषयीं आमच्या मनांत तेव्हांच अढी बसली. खरें म्हणजे ती पुढच्या प्रकारासाठीं राखून ठेवावयास हवी होती.

छायेचा प्रकार त्याच्या ठाणांत नव्हता. "तो आतां फारसं कोणी मागत नाहीं, सर," तो म्हणाला. आम्हांस वाईट वाटलें. जर्मनींत लोटे रायनिगर नांवाची बाई कात्रीनें आकृत्या कातरी, त्यांचे सांधे तारेनें जोडी, आणि त्या काचेवर ठेवून, खालून उजेड पाडून, एकेक चित्र टिपी. १९२६ सालीं तिनें राजपुत्र अहमदाचा तासाभराहून लांब छायापट केला आणि जगांत नांव मिळविलें. पण त्याआधीं, १९२२ सालीं, तिनें केलेली एक फीत निव्हिया नांवाच्या मलमाची जाहिरात होती. निव्हिया ह्या नांवाचा अर्थच हिमासारखी शुभ्र. छायेच्या खेळांत आकृत्या एरवीं काळ्या असावयाच्या. बाईनें येथें उलटें केलें, पार्श्वभूमि काळी ठेवली आणि आकृत्या पांढऱ्या केल्या. शब्दांनीं सांगावयाचें अर्धें काम त्या अदलाबदलीनेंच भागलें. कुडाळजवळच्या पिंगुळीस ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांच्या छाया पडद्यावर पिढ्यान् पिढ्या नाचवीत आली आहे. रायनिगरबाईंची कात्री पाहून तिला परकेपणा वाटला नसता.

जर्मनींतच ऑस्कर फिशिंगर यानें १९३४ सालीं मुराटी सिगारेटींची रंगीत जाहिरात केली. सिगारेटी पाकिटाबाहेर पडतात, पलटणीसारख्या रांगेनें चालतात, वाद्यांच्या तालावर वळतात. एकेक सिगारेट केसभर सरकवावयाची आणि एकेक चित्र टिपावयाचें, असें तें काम. आम्ही जन्मभर तंबाखूपासून चार हात दूर राहिलेले. पण ती फीत पाहतांना आमचा पाय आपोआप ठेका धरूं लागला, हें कबूल करणें भाग आहे.

तथापि, ह्या सगळ्या जाहिरातींत आमचें मन जडलें तें इंग्लंडच्या टपालखात्याच्या एका फितीवर. साल १९३५. न्यूझीलंडकडचा लेन लाय नांवाचा एक कलंदर कॅमेऱ्यास हात न लावतां कोऱ्या फितीवरच रंग ओढी. त्या रेघा, ठिपके आणि नागमोडी पट्टे क्यूबाकडच्या नाचाच्या सुरांवर तीन-चार मिनिटें उसळत राहतात. माणूस नाहीं, प्राणी नाहीं, टपालपेटी नाहीं. शेवटीं शेवटीं त्याच रंगांतून अक्षरें वर येतात आणि पार्सलांचे दर उतरल्याचें सांगतात. दर उतरल्याची बातमी याहून निर्मळ मनानें कोणीं सांगितली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. एका सरकारी खात्यानें असला वेडा पदरीं बाळगावा ह्याचा आम्हांस हेवा वाटला. मग आठवलें कीं आपल्याकडेही अगदींच दुष्काळ नव्हता. मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्यें १९५६ सालीं कार्टूनचा विभाग निघाला. डिस्नेच्या हाताखालीं काम केलेले क्लेअर वीक्स यांनीं तेथें आपल्या मुलांस ही कला शिकविली, आणि त्या मुलांत राम मोहन होते. त्याच संस्थेनें १९७४ सालीं विजया मुळे यांची ‘एक, अनेक और एकता’ ही छोटी फीत काढली. हातानें काढलेलीं साधीं चित्रें, पारध्याचें जाळें घेऊन उडालेले पक्षी, आणि विकावयाचा माल म्हणजे राष्ट्राची एकी. आमच्या पिढीस तो माल दूरदर्शननें इतक्या वेळां विकला कीं त्याचे हप्ते आम्ही अजून फेडीत आहों. फिल्म्स डिव्हिजन मात्र २०२२ सालीं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली.

ह्या पंक्तींतला एक नमुना असा आहे कीं तो ॲनिमेशन नसूनही ॲनिमेशन म्हणून गाजला. २००९ सालच्या आय्. पी. एल्. सामन्यांत व्होडाफोन कंपनीनें झूझू नांवाचे प्राणी दाखविले, ते वाचकांस आठवत असतील: पांढरे, पोट सुटलेले, अंड्यासारख्या डोक्याचे. आम्हांस ते संगणकांतले वाटले, तसेच ते बहुतेकांस वाटले. वास्तविक तीं होतीं जिवंत माणसें. दक्षिण आफ्रिकेंत केप टाउन येथें त्यांस पांढऱ्या पोशाखांत कोंबून, भोंवतालचा देखावा अगदीं साधा ठेवून, आणि चित्रीकरणाचा वेग मुद्दाम कमी राखून, तीं चित्रासारखीं दिसतील अशी तजवीज केली होती. चित्रानें माणसाचें सोंग आणावें ही जुनी रीत. येथें माणसांनींच चित्राचें सोंग आणलें. हें कशासाठीं, असें आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास विचारलें. त्यानें दिलेलें उत्तर आमच्या कित्येक सहकाऱ्यांच्या प्रबंधांहून मोलाचें वाटलें. तो म्हणाला, "सर, पडद्यावर माणूस दिसला कीं गिऱ्हाईक विचारतं, हा कुठला, कुणातला, किती पैसेवाला. चित्राला कोणी कांहीं विचारत नाहीं."

असो. शेवटीं त्रिमितीचें ठाण उलगडलें, आणि समितीचे डोळे तेथेंच खिळले. त्यानें नमुन्यादाखल आमच्याच महाविद्यालयाचा परिसर संगणकांत उभा केला होता. दरवाजांतून आपण जणुं पांखरासारखे आंत शिरतों, ग्रंथालयावरून गिरकी घेतों, आणि मागच्या अंगास मुलींच्या चार मजली वसतिगृहापुढें येऊन उतरतों. वसतिगृहापुढें गुलमोहोर फुललेले, संध्याकाळची वेळ, दुसऱ्या मजल्यावरील एका खिडकींत दिवा, आणि दिव्यापाशीं पुस्तक घेऊन बसलेली मुलगी. गुलमोहोराची सांवली भिंतीवर हालतांनाही दिसत होती. छायाचित्र म्हणून दाखविलें असतें तर कोणासही शंका आली नसती.

ह्या वसतिगृहाचा नकाशा मंजूर झालेला होता, आणि देणगीचीं वचनेंही मिळालीं होतीं. प्रत्यक्ष जागेवर त्या वेळीं चार बाभळी आणि पाण्याची एक मोडकी टांकी होती.

रसायनशास्त्राच्या बाई समितींत होत्या. त्या एकट्याच म्हणाल्या, "पण हें वसतिगृह अजून नाहींच."

प्राचार्यांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही नुकतेच ह्या विषयांतलें नवें वाचन करून बसलों होतों, आणि तें कोठें तरी मोकळें करावें ह्या संधीची वाटच पाहत होतों. आम्हीं बाईंस फाळक्यांची गोष्ट सांगितली. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढें आला तो १९१३ च्या मे महिन्यांत. त्याच्या आदल्या वर्षीं दादासाहेबांपाशीं विलायतेहून आणलेला कॅमेरा होता, पत्नी सरस्वतीबाईंची साथ होती. नव्हतें तें भांडवल. चित्रपट म्हणजे काय हें सावकारास पटवावें कसें? त्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले, कुंडीपुढें कॅमेरा मांडला, आणि महिनाभराहून अधिक काळ थोडथोड्या अवकाशानें एकेक चित्र टिपीत राहिले. मग ती फीत लावली. मिनिटाभरांत मातींतून कोंब वर आला, पानें फुटलीं, आणि बघतां बघतां वेल झाला. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आदि मंडळी कर्ज देण्यास राजी झाली. आमच्या देशांतला चित्रपटाचा सारा धंदा, आम्हीं बाईंस बजावलें, एका वाटाण्याच्या जाहिरातीवर उभा आहे. आणि ती जाहिरात दाखविली तेव्हां ‘हरिश्चंद्र’ तरी कोठें झाला होता? पुढें होणारी वस्तु आज डोळ्यांपुढें उभी करणें, हीच तर ह्या कलेची किमया!

समितीनें माना डोलावल्या. बाई कांहीं बोलल्या नाहींत. आम्हीं घरीं येऊन त्या रात्रींच संहिता पुरी केली, आणि वसतिगृहापाशीं आलों तेव्हां "दूर गांवाहून येणाऱ्या आमच्या कन्यांसाठीं सर्व सोयींनीं युक्त निवास" असे शब्द लिहिले. वाक्यांत क्रियापद घातलें नव्हतें. ‘आहे’ म्हटलें नाहीं, ‘होईल’ही म्हटलें नाहीं. तें आपोआप राहिलें, असें आम्ही तेव्हां स्वतःस सांगितलें. भाषेंत जन्म घालविलेल्या मनुष्याचें क्रियापद आपोआप राहत नसतें.

आमच्या विद्यार्थ्यानें आग्रह धरला, "सर, आवाजही तुमचाच घेऊं. तुमच्या आवाजावर लोक विश्वास ठेवतात." आम्हीं तोही दिला.

जूनच्या अखेरीस, पाऊस नुकताच सुरू झाला असतांना, एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन कचेरीच्या दाराशीं उभे होते. माण तालुक्यांतले शेतकरी. डोक्यास टोपी, हातांत पत्र्याची ट्रंक, तिला नवें कुलूप. मुलीच्या हातांत गादीची वळकटी. कचेरींतल्या कारकुनानें त्यांस काय सांगितलें कोण जाणे. ते गोंधळून आमच्याकडे वळले. आम्हीं "काय हवें आहे?" असें विचारतांच त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"त्यो आवाज तुमचाच न्हवं का, सर?" त्यांनीं विचारलें. "फोनमदी रोज ऐकतुया. पोरीच्या आईला बी पाठ झालाय."

आम्हीं होय म्हटलें.

"मंग आता कसली काळजी न्हाई. वसतिगृह कुठं हाय तेवढं दावा. पोरीला सोडतो आन् चारच्या गाडीनं माघारी जातो."

कचेरींतच दोन वाक्यांत सांगून मोकळें होतां आलें असतें. पण तोंडांतून शब्द फुटेना. आम्ही छत्री उघडली आणि त्यांस इमारतीच्या मागच्या अंगास घेऊन गेलों. बाभळी एव्हांना तोडल्या होत्या. जमिनीवर फक्कीच्या रेघा मारलेल्या होत्या, आणि पावसानें त्या अर्ध्या पुसून गेल्या होत्या. टांकी होती तशीच होती. मुलीनें फोन काढला, आमचा चित्रपट लावला, आणि तो डोळ्यांपुढें धरून, कोठून पाहिलें म्हणजे तें दिसेल हें शोधीत ती दोन-तीन पावलें मागें सरली, मग डावीकडे सरली. फोनमधून आमचा आवाज येत होता. तिच्या वडिलांनीं ट्रंक खालीं ठेवली नाहीं. ओल्या मातींत ठेवतां येण्यासारखी नव्हतीच. बराच वेळ गेल्यावर ते इतकेंच म्हणाले, "त्यात झाडं बी हुती."

ते आमच्यावर रागावले नाहींत. रागावले असते तर बरें झालें असतें. उलट आम्हांसच पावसांत उभें राहावें लागलें म्हणून ते दोनदां "ऱ्हाऊ द्या सर, ऱ्हाऊ द्या" म्हणाले.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, आणि डोळ्यांपुढें सारखा तो वाटाणा येऊं लागला. आम्हीं रसायनशास्त्राच्या बाईंस सांगितलेली गोष्ट खरी होती. तिचा जो अर्थ केला तो खोटा होता. फाळक्यांचें रोप उगवलें होतें. कुंडींत तें खरोखर होतें, त्यास दादासाहेबांनीं रोज पाणी घातलें होतें, आणि नाडकर्ण्यांनीं हात लावून पाहावयाचें म्हटलें असतें तर वेलाचीं पानें त्यांच्या हातास लागलीं असतीं. फितीनें फक्त मधला वेळ गिळला होता. ‘हरिश्चंद्रा’चें एकही चित्र त्यांनीं सावकारास दाखविलें नव्हतें, दाखविली ती कॅमेऱ्याची करणी, आणि ती खरी होती. आम्हीं जें दाखविलें त्यांतला एक क्षणही घडला नव्हता. त्यांनीं झालेला महिना आंखडून मिनिटाचा केला. आम्हीं न झालेलीं वर्षें झालीं म्हणून दाखविलीं.

आणि तरीही आम्हांस ॲनिमेशनवर सरसकट ठपका ठेवतां येईना. कोल्रिजनें १८१७ सालीं सांगितलेला एक सिद्धान्त आम्ही दरवर्षीं वर्गांत समजावून देतों: काव्य वाचतांना वाचक आपला अविश्वास घटकाभर स्वखुषीनें बाजूस ठेवतो. इतकीं वर्षें आम्ही ‘अविश्वास’ ह्या शब्दावर तास घेत आलों; ‘स्वखुषीनें’ ह्या शब्दावर कधीं थांबलोंच नव्हतों. चालणारी सिगारेट पाहून कोणी सिगारेटीस पाय असतात असें समजत नाहीं. रायनिगरबाईंची गोरी सरदारीण कागदाची आहे हें पोरासही कळतें. लेन लायच्या रेघा तर आम्ही रेघा आहों असें ओरडून सांगतात. तेथें पाहणारास विचारलेलें असतें, आणि तो हंसत हंसत होकार देतो. भिंतीवर हालणारी गुलमोहोराची सांवली पाहून त्या शेतकऱ्यानें कोणास होकार दिला होता? त्यास कोणीं विचारलेंच नव्हतें. आमचा विद्यार्थी म्हणाला होता कीं चित्रास कोणी कांहीं विचारीत नाहीं. चित्रानेंही कोणास विचारूं नये असा त्याचा अर्थ आम्हीं करून घेतला होता.

यंदां समिति पुन्हां बसली. वसतिगृहाचा पाया भरून झाला आहे; वर अजून कांहीं नाहीं. आम्हीं सुचविलें कीं त्रिमितीचा भाग काढून टाकावा, आणि त्या जागीं हातानें काढलेलें, अर्धें रंगविलेलें चित्र घालावें. पाया रंगांत आणि वरचे मजले नुसत्या पेन्सिलीच्या रेघांत. रसायनशास्त्राच्या बाईंनीं पाठिंबा दिला. गेल्या वर्षाबद्दल त्या अक्षरही बोलल्या नाहींत, हा त्यांचा उपकार. प्राचार्य म्हणाले कीं असें अर्धवट चित्र पाहून पालक दुसऱ्या महाविद्यालयाकडे वळतील, आणि त्यांचें म्हणणें अगदींच खोटें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. त्रिमिति राहिली. तिच्याखालीं ‘संकल्पित’ हा शब्द घालावयाचें मात्र ठरलें. आमच्या विद्यार्थ्यानें टिपण करतां करतां विचारलें, "सर, अक्षर केवढं ठेवूं?" प्राचार्यांनीं कांहीं सांगावयाच्या आंत आम्हीं म्हटलें, "फोन हातभर दूर धरून, पावसांत, चष्म्यावांचून वाचतां येईल एवढें." त्यानें आमच्याकडे पाहिलें आणि तसेंच लिहून घेतलें. संहितेंतल्या त्या वाक्यास आम्हीं क्रियापद घातलें, आणि आवाज दुसऱ्या कोणाचा घ्यावा असें सांगितलें.

ती मुलगी आमच्याच वर्गांत आहे. शहरांत खोली घेण्याची ऐपत नाहीं, म्हणून ती रोज पहांटेच्या एस्. टी.नें येते व संध्याकाळच्या एस्. टी.नें जाते. ही गाडी वेळेवर आली तर आठवड्यांतून दोनदां येते. आम्ही पूर्वीं तासाच्या आरंभीं हजेरी घेत असूं. आतां शेवटीं घेतों.